यान चिखोल्ट : स्वतःचेच नियम बदलणारा डिझायनर

वेब डिझाइन शिकताना एक प्रश्न सगळ्यांनाच पडतो. रोज नवीन टूल, नवीन ट्रेंड येतो, मग शिकायचं काय आणि सोडायचं काय? आज बघूया इंटरनेटच्या खूप आधी होऊन गेलेल्या एका डिझायनरची गोष्ट.

यान चिखोल्ट यांचा जन्म १९०२ साली जर्मनीतल्या लाइपझिग शहरात झाला. वडील पाट्या रंगवायचे, त्यामुळे अक्षरांची ओळख घरातच झाली. पुढे ते रीतसर सुलेखन शिकले. १९२३ मध्ये त्यांनी वायमारला बाउहाउसचं प्रदर्शन पाहिलं आणि त्यांचा विचारच बदलला. नक्षी नको, सगळं मध्यभागी नको. साधी सॅन्स सेरिफ अक्षरं, एका बाजूने सुरू होणारा मजकूर, भरपूर मोकळी जागा आणि फोटो हवेत. १९२८ मध्ये त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं. आज आपण वेबसाइटवर जी मांडणी सहज वापरतो, तिची मुळं त्या काळात सापडतात.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. चिखोल्टना अटक झाली, शिकवण्याची नोकरी गेली. सुटका झाल्यावर ते कुटुंबासह स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला गेले.

तिथे पुस्तकांचं काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की जाहिरातीला शोभणारा नियम कादंबरीला चालेलच असं नाही. ते पुन्हा सेरिफ अक्षरं आणि मध्यभागी मांडणी वापरू लागले. १९४६ मध्ये डिझायनर माक्स बिल यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. चिखोल्ट मागे हटले नाहीत. एकच पद्धत बरोबर, या हट्टात त्यांना नाझींच्याच वृत्तीची झाक दिसत होती.

१९४७ ते १९४९ त्यांनी इंग्लंडमध्ये पेंग्विन प्रकाशनासाठी काम केलं. पुस्तकं वेगवेगळ्या छापखान्यांत जुळवली जायची आणि प्रत्येकाची सवय वेगळी. चिखोल्टनी चार पानांचे नियम केले: शब्दांमधलं अंतर किती, विरामचिन्हं कशी, परिच्छेद कसा सुरू करायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर डिझाइन सिस्टिम! त्यांच्या देखरेखीखाली ५०० हून जास्त पुस्तकं तयार झाली.

१९६७ मध्ये त्यांचा सॅबोन हा टाइपफेस आला. हाताने जुळवायचे खिळे, लायनोटाइप आणि मोनोटाइप, या तिन्ही पद्धतींत तो सारखाच दिसावा अशी अट होती. एकच पेज मोबाइल, टॅब आणि लॅपटॉपवर नीट दिसावं म्हणून आपण धडपडतो ना, तसंच काहीसं. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, चिखोल्ट दोनदा बदलले. पहिल्यांदा नवं शिकले, दुसऱ्यांदा त्याच नव्याची मर्यादा ओळखली. अपडेट राहणं म्हणजे या दोन्ही गोष्टी. म्हणून पुढचा ट्रेंड शिकताना एवढंच विचारा: हे वाचणाऱ्याला याने सोपं होतंय का?