देवापुढे बोरू ठेवणारे कुलकर्णी : संतचरित्रकार महिपती

॥ श्रीगुरवे नमः ॥



एखादी पोथी नीट वाचायची आहे, भजन शिकायचं आहे, काहीतरी लिहायचं आहे, असं आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मनात असतं. पण ऑफिस, मुलांची शाळा, घरातल्या मोठ्यांची औषधं यातच दिवस जातो आणि ते राहूनच जातं. आज अशाच एका कामात गुंतलेल्या, संसारी माणसाचं चरित्र पाहू. त्यांचा ‘भक्तविजय’ आपल्या अनेकांच्या देवघरात आहे.

महिपतींचा जन्म १७१५ चा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यात ताहराबाद या गावी. वडील दादोपंत पंढरीचे वारकरी. घराण्याकडे गावचं कुलकर्णीपण आणि जोशीपण. म्हणजे जमीन कोणाची किती, सारा किती आला, किती राहिला, हे सगळं लिहून ठेवायचं. शिवाय पंचांग सांगायचं, मुहूर्त काढून द्यायचे. त्यात जहागीरदाराचं बोलावणं आलं की हातातलं काम टाकून जायचं.

पण महिपतींच्या मनात दुसरंच होतं. संतांची चरित्रं ओवीत लिहायची! तुकोबाराय त्यांच्या जन्माआधी ६५ वर्षं वैकुंठाला गेलेले, तरी महिपतींनी गुरू मानलं ते त्यांनाच. तुकोबांनीच स्वप्नात येऊन ही आज्ञा केली, अशी त्यांची श्रद्धा होती.

परंपरेत एक गोष्ट सांगतात. एकदा ते पूजेला बसले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. पूजा आटोपून येतो म्हटलं तर तो ऐकेना, वर टाकून बोलला. महिपती मुकाट्याने उठले. कचेरीत गेले, होतं ते काम पुरं करून दिलं. मग घरी येऊन स्नान केलं, पूजा पूर्ण केली आणि कानावरचा बोरू विठ्ठलाच्या पायाशी ठेवला. यापुढे हा बोरू सरकारी कामासाठी उचलायचा नाही, संतांसाठीच उचलायचा, असा नेम केला. घरी प्रपंच होता, उद्याचं कसं ही काळजी त्यांनाही असणारच. तरी नेम मोडला नाही. आणि घर, गाव सोडून कुठे गेलेही नाहीत.

काम सोपं नव्हतं. संतांच्या कथा ठिकठिकाणी विखुरलेल्या. नाभाजींचा ग्रंथ उत्तरेकडचा, ग्वाल्हेरी भाषेतला. उद्धवचिद्घनांची चरित्रं माणदेशातली. या दोघांचा आधार घेतल्याचं महिपतींनी स्वतःच नमूद केलंय. आपल्या ग्वाल्हेरच्या मंडळींना हे वाचून नक्कीच आनंद होईल.

‘भक्तविजय’ पुरा झाला १७६२ साली. पानिपताला जेमतेम वर्ष झालेलं. ग्रंथाचे अध्याय ५७ आणि महिपतींचं वय ४७! पुढे १७७४ मध्ये ५१ अध्यायांचा ‘भक्तलीलामृत’ झाला. ‘संतविजय’ मात्र २६ अध्यायांवर अपुरा राहिला. १७९० मध्ये, श्रावण वद्य द्वादशीला, त्यांनी देह ठेवला. शेवटचा ग्रंथ अपुरा राहिला म्हणून आधीचे काही वाया गेले नाहीत. आजही गावोगावी त्यांची पारायणं होतात.

मंडळी, आपल्याला नोकरी सोडायची नाहीये. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. अपमान झाला तरी त्यांनी हातातलं काम अर्धवट टाकलं नाही. आणि बोरू कोणासाठी, हे एकदा ठरवल्यावर रोज नव्याने विचार करत बसले नाहीत. आपणही दिवसातली पंधरा मिनिटं ठरवून टाकू या. पहाटेची असोत नाहीतर रात्री सगळे झोपल्यावरची, ती त्या एकाच कामाची. तेवढा वेळ मोबाईलसुद्धा बाजूला! वय झालं असं वाटलं, तर ४७ हा आकडा आठवावा.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥