बेगम हजरत महल

व्यापारासाठी आलेल्या युरोपीय सत्तांनी परभूमीवर बहुधा एकच क्रम अनुसरला: प्रथम मैत्री, मग तह आणि अखेरीस राज्यहरण. अमेरिकेतील मूळ रहिवाशांना जो अनुभव आला, तोच अवधच्या प्रजेलाही आला. १८०१ साली ईस्ट इंडिया कंपनीने तह करून अवधचा सुमारे निम्मा मुलूख घेतला. फेब्रुवारी १८५६ मध्ये गैरकारभाराचे निमित्त करून उरलेले राज्यही खालसा केले. नवाब वाजिद अली शाह यांना कलकत्त्यास जावे लागले. तालुकदारांची गावे गेली. दरबारावर पोट असलेले शिपाई व कारागीर निराधार झाले.

नवाबांच्या बेगम हजरत महल मात्र लखनौतच राहिल्या. त्यांचा जन्म फैजाबादच्या एका सामान्य कुटुंबात झाला होता. ३० जून १८५७ रोजी चिनहट येथे कंपनीच्या फौजेचा पराभव झाला आणि इंग्रजांनी रेसिडेन्सीचा आश्रय घेतला. शिपायांना आता गादीसाठी वारस हवा होता. पराजय झाल्यास त्या मुलाच्या जिवावर बेतेल, हे उघड होते. तरीही बेगमांनी आपला अल्पवयीन पुत्र बिरजिस कद्र यास गादीवर बसवले आणि कारभाराची धुरा स्वतः उचलली. राजा जयलालसिंह यांच्यासारखे हिंदू सरदार आणि मुसलमान सरदार त्यांच्या दरबारात एकत्र आले.

मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौ जिंकले. या कामी नेपाळच्या जंगबहादूर राणांनी त्यांना साहाय्य केले. बेगमांनी शहर सोडले, पण झुंज सोडली नाही. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला, तेव्हा बेगमांनी प्रतिजाहीरनामा काढून त्याचा समाचार घेतला. टिपू सुलतानाशी झालेला विश्वासघात, पुण्याहून हद्दपार झालेले पेशवे, लाहोरचे बुडालेले राज्य, असे दाखले देऊन त्यांनी प्रजेला सावध केले. रस्ते बांधणे व कालवे खोदणे यांपलीकडे हिंदी माणसाला या राज्यात काम उरणार नाही, हेही त्यांनी नजरेस आणले.

अखेर त्यांना नेपाळात जावे लागले. ज्या जंगबहादूरांचे सैन्य त्यांच्याविरुद्ध लढले, त्यांच्याच राज्यात त्यांनी आश्रय घेतला. नानासाहेब पेशवेही त्याच वाटेने गेले. बेगमांनी इंग्रजांपुढे मान तुकवली नाही. १८७९ साली काठमांडू येथे त्यांचे निधन झाले. तेथेच त्यांची कबर आहे.

लखनौतील व्हिक्टोरिया पार्कला १९६२ साली बेगम हजरत महल यांचे नाव देण्यात आले. ज्या राणीच्या वचनांवर त्यांनी विश्वास ठेवला नाही, तिच्या नावाच्या जागी आज त्यांचे नाव आहे. राज्य गेले तरी स्वाभिमान राखता येतो, हे त्यांच्या चरित्रावरून दिसून येते.