पेकिंगचा निरोप, वॉशिंग्टनचा अविश्वास

२ ऑक्टोबर १९५० च्या मध्यरात्री पेकिंगमधील भारतीय राजदूत सरदार कावालम माधव पणिक्कर यांना झोपेतून उठविण्यात आले. चीनचे पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री चौ एन लाय यांनी त्यांना तातडीने आपल्या निवासस्थानी बोलावले होते. साडेबाराच्या सुमारास सुरू झालेली ती भेट लांबली नाही. दक्षिण कोरियाच्या सैन्याने ३८ अंश अक्षवृत्त ओलांडले तर चीन त्याची फिकीर करणार नाही, मात्र अमेरिकी सैन्याने ते ओलांडले तर चीन स्वस्थ बसणार नाही, असे चौ यांनी स्पष्ट केले. तास-दीड तासात पणिक्करांची तार दिल्लीकडे रवाना झाली.

निरोप दिल्लीच्या हाती पडला तरी त्याचा खरा पत्ता वॉशिंग्टनचा होता. अमेरिकेने माओंच्या राजवटीला मान्यता दिलेली नव्हती आणि आपले राजनैतिक अधिकारीही १९५० च्या पूर्वार्धात चीनमधून काढून घेतले होते. भारताने मात्र ३० डिसेंबर १९४९ रोजी नव्या राजवटीला मान्यता दिली होती व १ एप्रिल १९५० पासून उभय देशांत राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले होते. एकमेकांशी बोलणे बंद असलेल्या दोन शक्तींमधला टपालवाला होण्याची पाळी अशा रीतीने भारतावर आली, आणि त्या टपालाची पिशवी पणिक्करांच्या खांद्यावर होती.

हे गृहस्थ चाकोरीतले मुत्सद्दी नव्हते. १८९५ साली त्रावणकोर संस्थानातील कावालम येथे जन्मलेल्या पणिक्करांनी ऑक्सफर्डला इतिहासाचे अध्ययन केले, अलिगढला अध्यापन केले आणि पुढे पत्रकारितेत उडी घेतली. १९२४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या हिंदुस्थान टाइम्सच्या पहिल्या संपादकांत त्यांची गणना होते. त्यानंतरची दोन दशके गेली संस्थानिकांच्या सेवेत. नरेंद्र मंडळाचे काम, पतियाळाचे परराष्ट्रमंत्रिपद आणि अखेर बिकानेरचे दिवाणपद. मल्याळममध्ये कविता आणि कादंबऱ्या लिहिणारा, हिंदी महासागराच्या सामरिक महत्त्वावर १९४५ मध्येच ग्रंथ सिद्ध करणारा हा माणूस महाराजांच्या दरबारात जितका सहज वावरे, तितकाच सहज पुढे क्रांतिकारकांच्या राजधानीत वावरला. एप्रिल १९४८ मध्ये ते नानकिंगला राजदूत म्हणून गेले तेव्हा तेथे चँग कै शेक यांची सत्ता होती. वर्षभरात ती कोसळताना त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. एकाच राजदूताने आधी चँग यांच्या आणि नंतर माओंच्या सरकारकडे देशाचे प्रतिनिधित्व करावे, हा योगही विरळाच.

पाश्चात्त्य दूतावासांना त्यांच्याबद्दल संशय होता तो याच कारणाने. आशियातील पाश्चात्त्य वर्चस्वाचा अध्याय संपला, ही त्यांची ऐतिहासिक धारणा होती व ती ते लपवीत नसत. या धारणेचा विस्तृत ग्रंथ १९५३ मध्ये आला, परंतु तिचा सूर वॉशिंग्टनला त्याआधीच ठाऊक झाला होता. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली, आणि पणिक्करांची बाजू मांडणाऱ्यांनी ती नजरेआड करता कामा नये. सप्टेंबर १९५० च्या मध्यापर्यंत खुद्द पणिक्करच, चीन कोरियात उतरण्याची शक्यता जवळपास नाही, असे कळवीत होते. १५ सप्टेंबरला जनरल मॅकआर्थर यांचे सैन्य इंचॉनला उतरले आणि युद्धाचे पारडे फिरले. २५ सप्टेंबरला चिनी सेनेचे प्रभारी प्रमुख निए रोंगझेन यांनी पणिक्करांना सांगितले की, अमेरिकेने चीनच्या सीमेपर्यंत येऊन भिडावे आणि चीनने हात बांधून पाहत राहावे, हे घडणार नाही. तेव्हापासून पणिक्करांचे मत बदलले. आठवडाभरापूर्वी नाही म्हणणारा साक्षीदार आज हो म्हणतो, एवढेच अमेरिकेला दिसले. मधल्या काळात परिस्थितीच बदलली होती, याचा विचार झाला नाही.

दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचे महासचिव गिरिजाशंकर बाजपेयी यांनी हा इशारा अमेरिकी राजदूत लॉय हेंडरसन यांच्या कानी घातला. ब्रिटिशांमार्फतही तो वॉशिंग्टनला पोहोचला. परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांनी ४ ऑक्टोबरला ब्रिटिश मंत्र्यांशी बोलताना त्याची वासलात लावली. हा निरोप अधिकृत मार्गाने आलेला नाही, चीन केवळ दबावाचे राजकारण करीत आहे आणि आता कच खाणे अधिक धोक्याचे ठरेल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. अध्यक्ष ट्रुमन यांनी तर पुढे आत्मचरित्रात पणिक्करांना कम्युनिस्टांचा खेळ खेळणाऱ्यांच्या पंक्तीला बसविले. अधिकृत मार्ग अमेरिकेने स्वतःच बंद केला होता, ही विसंगती या युक्तिवादात बेमालूम झाकली गेली.

७ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकसंध कोरियाचा ठराव ४७ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. भारत तटस्थ राहिला. त्याच सुमारास अमेरिकी तुकड्यांनी अक्षवृत्त ओलांडण्यास प्रारंभ केला. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर मॅकआर्थर यांनी ट्रुमन यांना चीनच्या हस्तक्षेपाची फारशी शक्यता नसल्याची ग्वाही दिली, आणि चारच दिवसांनी चिनी सैन्य यालू नदी पार करू लागले. युद्ध जुलै १९५३ पर्यंत रेंगाळले आणि सीमारेषा जवळपास जिथल्या तिथेच राहिली. या युद्धात सुमारे ३६ हजार अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले, तर चीनच्या अधिकृत मोजदादीनुसार त्यांच्या मृतांची संख्या १ लाख ९७ हजारांहून अधिक आहे. कोरियन नागरिकांची गणती तर याहून कितीतरी मोठी.

एवढ्यावर पणिक्कर खरे आणि अ‍ॅचेसन खोटे असा निकाल देता आला असता, तर इतिहासकारांचे काम सोपे झाले असते. १९९० च्या दशकात मॉस्कोतील दप्तरे खुली झाली आणि प्रकरण गुंतागुंतीचे झाले. चौ ज्या वेळी पणिक्करांना इशारा देत होते, जवळपास त्याच वेळी माओ यांनी सोव्हिएत राजदूतामार्फत स्टॅलिन यांना तूर्त सैन्य पाठविणार नसल्याचे कळविले होते, असे त्यातून दिसते. चिनी नेतृत्वात मतभेद होते. सैन्य पाठविण्याचा निर्णय ५ ऑक्टोबरला झाला आणि त्यानंतरही एकदा डळमळला. शिवाय चौ यांनी वापरलेल्या चिनी क्रियापदाला दखल घेणे, लक्ष घालणे अशा अनेक छटा आहेत. ते इंग्रजीत कसे आणावे, असा पेच दुभाष्यालाही पडला होता. मग त्या रात्रीचा निरोप ठरलेल्या युद्धाची पूर्वसूचना होता, की युद्ध टाळण्याची अखेरची धडपड? माओ यांचा कल आधीपासून युद्धाकडेच होता, असे मानणारे अभ्यासक आहेत. त्याविरुद्ध मत देणारेही आहेत. दुसरी शक्यता खरी असेल तर वॉशिंग्टनची चूक अधिकच गंभीर ठरते, कारण तेव्हा दार अजून पुरते लागलेले नव्हते.

दिल्लीतही पणिक्करांच्या वाट्याला कौतुक फारसे आले नाही. ज्या ७ ऑक्टोबरला आमसभेने ठराव केला, त्याच दिवशी चिनी फौजा तिबेटच्या चामदो प्रांतात शिरल्या. कोरियाबाबत चीनचे मन अचूक वाचणाऱ्या राजदूताला तिबेटबाबत ते वाचता आले नाही. दिल्लीला पक्की बातमी मिळेपर्यंत ऑक्टोबर सरत आला होता. ७ नोव्हेंबरच्या नेहरूंना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात सरदार पटेलांनी, आपला राजदूत चिनी धोरणाचे समर्थन शोधण्यातच कष्ट घेतो, असा ठपका ठेवला. हा ठपका निराधार नव्हता. पणिक्करांना चिनी क्रांतीचे आकर्षण होते आणि त्या आकर्षणाची किंमत तिबेटप्रश्नी भारताने मोजली, हे मान्य करावेच लागेल.

१९५२ मध्ये त्यांनी चीन सोडला. पुढे ते इजिप्तमध्ये आणि नंतर फ्रान्समध्ये राजदूत झाले. या दोन नेमणुकांच्या मधल्या काळात ते राज्य पुनर्रचना आयोगाचे सदस्य होते, आणि मराठी माणसाला त्यांचे नाव ठाऊक आहे ते बहुधा तेवढ्यापुरतेच. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांच्या या आयोगाने १९५५ मध्ये द्वैभाषिक मुंबई आणि वेगळ्या विदर्भाची शिफारस केली व महाराष्ट्र पेटून उठला. उत्तर प्रदेशच्या विभाजनासाठी स्वतंत्र टिपण जोडणाऱ्या पणिक्करांना मुंबईबाबत मात्र तसे काही लिहावेसे वाटले नाही. १९५९ ते १९६१ या काळात ते राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. चीन सीमेवरील तणावाने संसद ढवळून निघालेले ते दिवस. पुढे त्यांनी काश्मीर आणि म्हैसूर विद्यापीठांचे कुलगुरुपद स्वीकारले व १० डिसेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे काही वर्षांनी अमेरिका आणि चीन पुन्हा एकमेकांना निरोप धाडू लागले. चीनकडून निरोप देणारे चौ एन लायच होते, पण या वेळी टपालवाला पाकिस्तान होता. याह्या खान यांच्यामार्फत आलेल्या संदेशांवर निक्सन आणि किसिंजर यांनी विश्वास ठेवला, आणि जुलै १९७१ मध्ये किसिंजर गुप्तपणे पेकिंगला जाऊन आले. बांगलादेश युद्धाच्या तोंडावर भारताला त्याचे काय मोल द्यावे लागले, हा स्वतंत्र विषय आहे.

१९५० सालच्या कोरियाविषयक अमेरिकी कागदपत्रांचा खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या खंडात ३ ऑक्टोबरचे एक टिपण आहे. परराष्ट्र खात्यातील अ‍ॅलेक्सिस जॉन्सन या अधिकाऱ्याने वरिष्ठांना लिहिले होते की, या इशाऱ्यात हूल असली तरी तो निव्वळ हूल समजून सोडून देणे योग्य नाही, आणि उत्तरेत शक्यतो दक्षिण कोरियाचेच सैन्य पुढे करावे. वॉशिंग्टनमध्ये कोणीतरी आपला निरोप गांभीर्याने घेतला होता, हे कागदोपत्री उघड झाले तेव्हा पणिक्करांना जाऊन तेरा वर्षे लोटली होती.