पदकामागचे घर

ऑलिम्पिकचे व्यासपीठ एका खेळाडूपुरतेच असते. पण तिथवर पोचण्याची किंमत बहुधा अख्खे घर मोजत असते. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव यांचे चरित्र याचीच साक्ष देते.

सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान आणि तेच मुलाचे पहिले वस्ताद. पाचव्या वर्षीच त्यांनी खाशाबांना आखाड्याच्या लाल मातीत उतरवले. शेतकऱ्याच्या घरात पैलवान घडवणे सोपे नसते. मेहनत मुलाची असली, तरी दूध, तूप आणि बदामाचा खुराक घरालाच पुरवावा लागतो. शेतीला हवे असलेले दोन हात तालमीसाठी मोकळे सोडावे लागतात. जाधव कुटुंबाने हे सारे केले आणि कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये मुलाचे शिक्षणही चालू ठेवले.

पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात खाशाबांची कुस्ती बहरली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी मदतीचा हात दिला. मातीत वाढलेला हा मल्ल तेथे प्रथमच मॅटवर आंतरराष्ट्रीय लढती खेळला आणि सहावा आला.

खरी कसोटी १९५२ मध्ये लागली. हेलसिंकीच्या संघातून त्यांना प्रथम वगळण्यात आले. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितल्यावर पुन्हा लढत झाली, ती त्यांनी जिंकली. मात्र निवड झाली, तरी प्रवासाचा खर्च कोण करणार, हा प्रश्न उरलाच. सरकारी मदत अपुरी होती. घरच्यांनी आणि गावकऱ्यांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. तरीही रक्कम पुरेना, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. रक्ताचे नाते नसलेला हा माणूस त्या क्षणी खाशाबांच्या कुटुंबातलाच एक झाला.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या इशीशी दीर्घ झुंज दिल्यावर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे राहावे लागले. त्यांची बाजू मांडायला भारतीय अधिकारीही तेथे हजर नव्हता. तरीही कांस्यपदक त्यांनी मिळवलेच. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गावाने त्यांचे स्वागत केले. सत्काराचे हार सुकण्यापूर्वी खाशाबांना आठवले ते कर्ज. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या उत्पन्नातून गुरूंचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. बढतीसाठी आणि नंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. पदकापूर्वी आईवडिलांच्या घराने सोसले होते. पदकानंतरची उपेक्षा पत्नी आणि मुलांच्या वाट्याला आली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. २०२४ पासून त्यांचा जन्मदिन महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

पहाटेच्या अंधारात मुलीला तरण तलावावर पोचवणारे शहरातील पालक असोत, की नंदुरबारच्या सातपुड्यातून मुलाला दूरच्या निवासी प्रशिक्षणाला धाडणारे आईवडील; झोप, पैसा आणि मुलाचा सहवास यांचा हिशेब त्यांनाही मांडावा लागतो. यातील बहुतेकांना पदक लाभणार नाही. म्हणूनच विजयानंतरच्या सत्कारापेक्षा विजयापूर्वीचा आधार मोलाचा ठरतो. खर्डेकरांनी तो वेळेवर दिला, म्हणून खाशाबा हेलसिंकीला पोचू शकले.