दंड भरून लिहीत राहिलेला संपादक : र. धों. कर्वे

१४ ऑक्टोबर : स्मृतिदिन विशेष

विवाह, लैंगिक आरोग्य आणि संततिनियमन या विषयांवर उघडपणे बोलणे ज्या काळात असभ्य मानले जाई, त्या काळात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी त्याच विषयांना वाहिलेले मासिक सलग २६ वर्षे चालवले. त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली, दोन वेळा न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि सुधारकांमधील अनेकांनीही त्यांच्यापासून अंतर राखले. तरीही ‘समाजस्वास्थ्य’चा अंक निघत राहिला.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. १८९१ मध्ये आई राधाबाई यांचा बाळंतपणात मृत्यू झाला, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर ते गणिताच्या अध्यापनाकडे वळले. गणिताच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी पॅरिसमध्येही वास्तव्य केले.

परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि दोनच वर्षांत या विषयावर मराठीत पुस्तकही लिहिले. वारंवारच्या बाळंतपणांतून स्त्रीची सुटका झाल्याशिवाय तिला स्वातंत्र्य मिळणार नाही, अशी त्यांची धारणा होती. पत्नी मालतीबाई या कार्यात त्यांच्या सहकारी होत्या. अपत्य न होऊ देण्याचा निर्णयही दोघांनी विचारपूर्वक घेतला होता.

कर्वे तेव्हा मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. महाविद्यालय ख्रिस्ती मिशनऱ्यांचे होते आणि तेथील चालकांना त्यांचा हा प्रचार मान्य नव्हता. नोकरी किंवा कार्य, यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हक्काचे वेतन थांबले आणि पुढचे आयुष्य ओढगस्तीत गेले.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक प्रसिद्ध झाला. लेखन, संपादन आणि वितरण यांचा बहुतेक भार कर्वे यांनी स्वतःच वाहिला. लैंगिक रोग, गर्भनिरोध, विवाहसंस्था, धर्म आणि रूढी यांची तर्काच्या आधारे चिकित्सा हा मासिकाचा गाभा होता. घरातील वडीलधाऱ्यांना किंवा वैद्यांना जे विचारण्याचे धाडस होत नसे, ते प्रश्न वाचक या मासिकाला विचारत आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत.

१९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १०० रुपये दंड झाला आणि उच्च न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले. १९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर.

या दुसऱ्या खटल्यात कर्वे यांच्या बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरील लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. वाचकांच्या मनात विकृती असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल, असा युक्तिवाद त्यांनी केला. न्यायालयाने तो स्वीकारला नाही. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला.

कर्वे यांची आर्थिक स्थिती पाहता या रकमा लहान नव्हत्या. पुढच्या महिन्यात गप्प राहिले असते तर त्यांना दोष देणारेही फार निघाले नसते. कर्वे यांनी मात्र भाषा मवाळ केली नाही आणि विषयही बदलला नाही. त्यांच्या धैर्याची कसोटी न्यायालयातील एखाद्या दिवशी लागली, त्याहून अधिक दर महिन्याच्या अंकात लागली.

ज्या विचारासाठी त्यांनी हे सारे सोसले, त्याला सार्वजनिक जीवनात हळूहळू जागा मिळू लागली. १९३८ मध्ये डॉ. आंबेडकर यांच्या पुढाकाराने संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत मांडला गेला. तो संमत झाला नाही. १९४४ मध्ये मालतीबाईंचे निधन झाले आणि कर्वे यांची सर्वांत जवळची साथ सुटली. त्यानंतरही मासिकात खंड पडला नाही.

१९५२ मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या विषयावर लिहिल्याबद्दल कर्वे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले होते, तो आता सरकारी धोरणाचा भाग झाला होता. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, त्यांचे निधन झाले. ‘समाजस्वास्थ्य’चा अखेरचा अंक नोव्हेंबरमध्ये वाचकांच्या हाती पडला. खटल्यांना पुरून उरलेले हे मासिक संपादकाच्या मृत्यूनंतरच थांबले.