डेनिस रिची: एका डिस्कवर न मावलेल्या युनिक्सचे शिल्पकार

लिनक्स बसवताना डिस्कचे रूट, स्वॅप असे वेगवेगळे भाग का करायचे, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचं उत्तर डेनिस रिची यांच्या प्रयोगशाळेत सापडतं.

रिची यांचा जन्म 9 सप्टेंबर 1941 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉंक्सव्हिलमध्ये झाला. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ होते. हार्वर्डमध्ये शिकून 1967 मध्ये मुलगाही तिथेच रुजू झाला. पीएचडीचा प्रबंध लिहून झाला होता, पदवी मात्र राहिली ती राहिलीच.

1969 मध्ये बेल लॅब्सने मल्टिक्स प्रकल्प सोडला. केन थॉम्पसन यांनी जुन्या पीडीपी-7 यंत्रावर नवी प्रणाली उभी करायला घेतली आणि रिची त्यांना येऊन मिळाले. डिस्कसारखं उपकरणही फाइलसारखंच वाचायचं-लिहायचं, ही कल्पना रिचींची.

पुढे आलेल्या पीडीपी-11 ची मेमरी होती 24 किलोबाइट. त्यातली 16 प्रणालीच खायची. प्रोग्रामसाठी उरायची जेमतेम 8! म्हणून थांबलेला प्रोग्राम डिस्कवर ठेवायचा आणि पाळी आली की परत आणायचा. हेच स्वॅपिंग.

रिची आणि थॉम्पसन यांनी 1974 च्या लेखात आपल्या यंत्राची मांडणी दिली आहे. 1 मेगाबाइटची एक डिस्क स्थिर हेडची होती. हेड सरकण्यात वेळ जात नसल्याने ती वेगवान, म्हणून स्वॅप तिच्यावर. रूट डिरेक्टरीही तिथेच. वापरकर्त्यांच्या फाइली 40 मेगाबाइटच्या मोठ्या डिस्कवर असत आणि ती प्रणाली सुरू होतानाच जोडली जाई. यात एक मेख आहे: डिस्क जोडणारा प्रोग्राम त्याच डिस्कवर ठेवला, तर तो वाचायचा कुठून? त्यामुळे सुरुवातीला लागणारं सगळं रूटवरच हवं. वापरणाऱ्याला मात्र डिस्क कितीही असोत, दिसायचं एकच झाड.

रिचींनी घडवलेल्या सी भाषेत 1973 मध्ये युनिक्सचा गाभा नव्याने लिहिला गेला. त्यामुळे तो पुढे इतर यंत्रांवर नेणं शक्य झालं. 1983 मध्ये दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 2007 मध्ये रिची निवृत्त झाले.

12 ऑक्टोबर 2011 रोजी न्यू जर्सीतल्या घरी ते मृतावस्थेत आढळले. आठवड्यापूर्वीच स्टीव्ह जॉब्स गेले होते. त्यांच्या निधनाने वर्तमानपत्रांची पहिली पानं भरली होती. ज्यांच्या युनिक्सवर जॉब्स यांचा मॅक उभा होता, त्या रिचींच्या वाट्याला फार थोडी जागा आली.