ज्यूल ब्लॉक : मराठीच्या घडणीचा फ्रेंच अभ्यासक

मराठी भाषा कशी घडली याचा शास्त्रशुद्ध, ऐतिहासिक पद्धतीने लिहिलेला पहिला सविस्तर ग्रंथ फ्रेंच भाषेत आहे, हे ऐकून आजही अनेक वाचकांना नवल वाटते. या ग्रंथाचे कर्ते ज्यूल ब्लॉक. मराठीबरोबरच कानडीच्या कुळाचाही त्यांनी तितक्याच आस्थेने अभ्यास केला. ज्या सीमाभागात या दोन्ही भाषा एकाच बाजारात, एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच घरात नांदतात, तेथील वाचकांना त्यांचे चरित्र परके वाटू नये.

ब्लॉक यांचा जन्म १ मे १८८० रोजी पॅरिस येथे झाला. त्यांच्या विद्यार्थिदशेत पॅरिस हे भाषाभ्यासाचे एक मोठे पीठ होते. सिल्व्हाँ लेव्ही संस्कृत शिकवीत आणि आंत्वान मेइये तुलनात्मक भाषाशास्त्र. ब्लॉक या दोघांचेही शिष्य. मेइये यांच्याच दुसऱ्या एका शिष्याने, जोसेफ व्हांद्रिएस यांनी, केल्टिक भाषांचा मार्ग धरला आणि १९०८ मध्ये प्राचीन आयरिशचे व्याकरण प्रसिद्ध केले. एका गुरूचा एक शिष्य आयर्लंडच्या जुन्या पोथ्यांकडे वळला, तर दुसरा सह्याद्रीच्या भाषेकडे.

हे दोन मार्ग वाटतात तितके दूरचे नव्हेत. आपल्या ‘राजा’ या शब्दाचा सगोत्र लॅटिनमध्ये ‘रेक्स’, तर आयरिशमध्ये ‘री’ आहे. सीझरशी झुंजलेल्या व्हर्सिंगेटोरिक्स या गॉल वीराच्या नावाच्या शेवटीही तोच शब्द दडलेला आहे. ‘श्रद्धा’ या शब्दाचे भावंड लॅटिनमध्ये आणि आयरिशमध्ये आढळते, मधल्या बहुतेक भाषांत मात्र त्याचा मागमूस नाही. इंडो-युरोपीय कुळाच्या पूर्व आणि पश्चिम टोकांनीच धर्माचे व राज्यसंस्थेचे काही जुने शब्द जपून ठेवावेत, याकडे व्हांद्रिएस यांनी १९१८ च्या एका निबंधात विद्वानांचे लक्ष वेधले.

फ्रेंचचा अभ्यास करणाऱ्याला केल्टिक टाळताही येत नाही. फ्रेंच ही लॅटिनची कन्या. परंतु रोमन येण्यापूर्वी त्या भूमीवर गॉल लोकांची केल्टिक भाषा बोलली जात होती. ती नष्ट झाली, तरी नांगर, रस्ता, चंडोल पक्षी यांचे फ्रेंच शब्द तिच्याकडूनच आलेले आहेत. फ्रेंच माणूस ऐंशी हा आकडा ‘चार विसा’ असा सांगतो, त्याचेही मूळ अनेक अभ्यासक केल्टिकमध्ये शोधतात. ब्रेतों, वेल्श आणि आयरिश या तिन्ही भाषांत ही विसांची मोजणी आहे. आपल्याकडच्या खेड्यांतील जुनी माणसेही विसांनीच हिशेब करीत. पण म्हणून ती केल्ट ठरत नाहीत! साम्य दिसताच नाते जोडण्याचा मोह आवरणे हा या शास्त्राचा पहिला धडा होय, आणि ब्लॉक यांनी तो जन्मभर पाळला.

त्या काळच्या फ्रान्सचे आणखी एक चित्र सीमाभागातील वाचकाने पाहण्यासारखे आहे. रेन येथील विद्यापीठीय अध्यापनात आणि पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये केल्टिक भाषांना मानाचे स्थान होते. त्यांना वाहिलेले नियतकालिक १८७० पासून निघत होते. त्याच वेळी ब्रिटनी प्रांतातील प्राथमिक शाळांत ब्रेतों बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची खूण म्हणून एखादी वस्तू अडकवीत. दुसरे मूल तीच चूक करताना सापडेपर्यंत ती त्याच्या गळ्यात राही. विद्यापीठात पूजा आणि शाळेत शिक्षा, असा हा प्रकार होता. घरची भाषा एक आणि सरकारची दुसरी असली म्हणजे मुलाला काय सोसावे लागते, हे सीमाभागाला वेगळे सांगावयास नको.

१९०६ ते १९०८ या काळात अतिपूर्वेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या फ्रेंच संस्थेचे अभ्यासक म्हणून ब्लॉक भारतात व हिंदी-चीनमध्ये राहिले. तमिळ त्यांनी शिकून घेतली आणि पुण्यात मराठीचा अभ्यास केला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये दिलेल्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांनी या क्षेत्राची पायाभरणी आधीच केली होती, आणि इतिहासाचार्य राजवाडे यांचे ज्ञानेश्वरीच्या व्याकरणावरील लेखन १९०९ मध्ये पुढे आले. मोल्सवर्थचा कोश तर हाताशी होताच. या सर्व सामग्रीला पॅरिसच्या कसोटीची जोड मिळाली.

मराठीवरील प्रबंध १९१४ च्या सुमारास सिद्ध झाला. पण पहिले महायुद्ध पेटले आणि ब्लॉक लष्करात दाखल झाले. ग्रंथ वाचकांच्या हाती पडावयास १९२० साल उजाडले. प्रथम ध्वनी, मग रूपे, मग वाक्य आणि अखेरीस शब्दांच्या व्युत्पत्तीची विस्तृत सूची, अशी त्याची मांडणी आहे. संस्कृतातील प्रत्येक ध्वनीचे प्राकृतातून मराठीत येताना काय झाले, मराठीने तिन्ही लिंगे कशी टिकविली, ‘चमचा’मधला च आणि ‘चिमणी’मधला च वेगळे का, अशा प्रश्नांची उत्तरे येथे नियमांच्या आधारे मिळतात. ग्रंथ वाचावयास सोपा नाही. त्यातील कित्येक पाने कोरडी आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु एका आधुनिक भारतीय भाषेचा असा समग्र इतिहास पूर्वी कोणी लिहिला नव्हता. सुनीतिकुमार चतर्जी पॅरिसमध्ये ब्लॉक यांच्या सहवासात शिकले आणि १९२६ मध्ये त्यांनी बंगालीचा जो प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला, त्याच्यापुढे मराठीचा हाच आदर्श होता. धीरेंद्र वर्मा यांचा ब्रज भाषेवरील फ्रेंच प्रबंधही (१९३५) याच परंपरेतला.

मराठी वाचकांना मात्र या ग्रंथासाठी आणखी एकवीस वर्षे थांबावे लागले. डॉ. वासुदेव गोपाळ परांजपे यांचा ‘मराठी भाषेचा विकास’ हा अनुवाद १९४१ मध्ये निघाला. आपल्या भाषेचा इतिहास दुसऱ्याच्या भाषेतून परत आणावा लागला, याची खंत वाटते. तो आणणारा आपल्यातच निघाला, हे त्यातल्या त्यात समाधान.

१९२१ पासून ब्लॉक पॅरिसच्या पौर्वात्य भाषांच्या विद्यालयात आधुनिक भारतीय भाषा शिकवीत. १९३७ मध्ये कोलेज द फ्रान्समध्ये संस्कृतचे अध्यासन त्यांच्याकडे आले. ही दोन्ही पदे त्यांनी १९५१ पर्यंत सांभाळली. वेदांपासून आधुनिक काळापर्यंतच्या भारतीय आर्यभाषांवरील ग्रंथ १९३४ चा, अशोकाच्या शिलालेखांवरील १९५० चा.

सीमाभागाच्या दृष्टीने अधिक मोलाचे काम वेगळे आहे. संस्कृतवर द्राविड भाषांचा किती प्रभाव पडला, या प्रश्नावर ब्लॉक यांनी १९२४ मध्ये निबंध लिहिला आणि घाईने काढलेल्या निष्कर्षांना लगाम घातला. १९४६ मध्ये त्यांनी द्राविड भाषांच्या व्याकरणिक रचनेवर स्वतंत्र ग्रंथ दिला. त्यात कानडी आहे, तमिळ-तेलुगू आहेत आणि लिपी नसलेल्या वन्य जमातींच्या बोलीही आहेत. मराठीचा अभ्यासक म्हणून नाव झालेल्या माणसाने शेजारणीच्या घराची इतकी बारकाईने विचारपूस करावी, यातच त्यांची वृत्ती दिसते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासून भाषेचा पुरावा हा येथे वादाचा पुरावा झाला. तूप, अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द कानडीशी नाते सांगतात, म्हणून मराठीचे काही उणे होत नाही. बेळगाव-चंदगड भागात बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे म्हणतात आणि कानडीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही. या दोहोंचा संबंध आहे काय, हे ब्लॉक यांच्या पद्धतीने, बोलींचा पुरावा गोळा करूनच ठरवावे लागेल. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावात मराठी, कानडी आणि उर्दू यांची वाक्यरचना शेकडो वर्षांच्या शेजारामुळे कशी एकमेकींजवळ आली, हे गंपर्झ आणि विल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७१ मध्ये दाखविले. तो निबंध आज जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासला जातो.

२९ नोव्हेंबर १९५३ रोजी ब्लॉक यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे जिप्सी लोकांवरील छोटे पुस्तक निघाले होते. भारतातून युरोपात गेलेल्या त्या भटक्या भाषेचाही त्यांना जन्मभर लळा होता. पुढल्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने त्यांच्या द्राविड व्याकरणाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. अनुवादक होते डॉ. रामकृष्ण गणेश हर्षे. कानडीच्या कुळावरील फ्रेंच ग्रंथ अशा रीतीने एका मराठी पंडिताच्या हातून भारतात परतला.